फोटो कॅनव्हासवर घेताना: भिंतीपासून पाचरीपर्यंत

बहुतेक कॅनव्हास मशीनवर बिघडत नाहीत. मशीनवर जाण्याआधीच ते बिघडलेले असतात, नाहीतर मशीनवरून उतरल्यावर केलेल्या घाईने बिघडतात. सोलापुरात फोटो छापून, चौकटीवर ताणून देण्याचं काम मी करतो. काउंटरवर दर आठवड्याला त्याच चार-पाच चुका येतात. फाइल व्हॉट्सॲपवरून आलेली असते. डोक्यावर बोटभरही जागा नसते. माप आधी ठरलेलं असतं आणि भिंत कुणी मोजलेलीच नसते. वर "संध्याकाळी न्यायला येतो" हे असतंच.

खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. आधी रंग सुधारले आणि मग माप बदललं, तर केलेलं काम वाया जातं. आधी ताणलं आणि मग वार्निश लावलं, तर कडा कोऱ्या राहतात.

समजायला सोपं जावं म्हणून एकच फोटो धरून चालू. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांची, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्यांची, मिरवणूक चालली आहे, फोटो मोबाइल उभा धरून काढलेला आहे. जानेवारीचं लख्ख ऊन, पांढरीशुभ्र बाराबंदी (बंदांचा पारंपरिक अंगरखा), आणि काठीचं टोक फोटोच्या वरच्या कडेला जवळजवळ टेकलेलं. कॅनव्हासवर जे जे चुकू शकतं, ते सगळं या फोटोत आहे.

टप्पा १ : हा फोटो कॅनव्हासवर घ्यायचा का?

हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, म्हणून तो पहिला.

कॅनव्हासला काच नसते. आई-वडिलांचा किंवा आजोबांचा फोटो असेल आणि त्याला रोज गंध लागणार असेल, ताजा हार चढणार असेल, खाली उदबत्ती लागणार असेल, तर कॅनव्हास करू नका. ओलं गंध कापडात मुरतं आणि पुसायला गेलं की शाईही उचलते. हाराचं पाणी ओघळून डाग पडतो. उदबत्तीचा धूर विणीत बसतो आणि वर्षभरात चेहऱ्यावर पिवळट झाक येते. अशा फोटोला चांगल्या कागदावरची छपाई आणि काचेची फ्रेमच योग्य. दुकानात मी हे सांगतो तेव्हा लोक थोडे नाराज होतात, पण पूजेचा फोटो रोज हात लागूनही टिकला पाहिजे.

बारीक अक्षरं असलेली प्रमाणपत्रं आणि तीस-चाळीस जणांचे ग्रुप फोटो छोट्या कॅनव्हासवर घेऊ नका. कापडाची वीण बारीक तपशील खाते. मोठे चेहरे, निसर्ग, देऊळ, तलाव, मिरवणूक, लग्नातला एखादाच निवांत क्षण, हे कॅनव्हासवर उत्तम उठतं.

टप्पा २ : भिंत मोजा

माप दुकानात येऊन ठरवू नका, घरी ठरवा. सोफ्याच्या वर लावायचं असेल तर सोफ्याच्या रुंदीच्या साधारण दोन तृतीयांश जागा चित्राने व्यापलेली बरी दिसते. सहा फुटी सोफ्यावर बारा बाय अठरा इंचांचा एकटा कॅनव्हास लावला तर तो हरवून जातो.

जुनी वर्तमानपत्रं एकमेकांना चिकटवा, हव्या त्या मापात कापा आणि चिकटपट्टीने भिंतीवर लावा. दोन दिवस तशीच राहू द्या. येता-जाता बघा. घरातलं माणूस एकदा तरी म्हणतंच, "अजून थोडं मोठं चालेल." ते छपाईच्या आधी ऐकलेलं बरं.

तपासा: दुपारी त्या भिंतीवर थेट ऊन येतं का? पावसाळ्यात तिला ओल धरते का? यातलं एक जरी असेल तर दुसरी भिंत शोधा. पश्चिमेच्या खिडकीसमोर सोलापूरचं एप्रिल-मेचं ऊन रोज तीन तास पडत असेल, तर कितीही चांगली शाई असली तरी रंग लवकर उतरतात.

टप्पा ३ : मूळ फाइल मिळवा

सगळ्यात जास्त कॅनव्हास इथे बिघडतात.

व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून छोटा केला जातो. त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. एचडीचा पर्याय निवडला तर फाइल मोठी राहते, पण दाबली जातेच. मोबाइलच्या पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून माणूस फसतो. कापडावर तीस इंच झाल्यावर चेहऱ्याभोवती चौकोनी ठिपके आणि केसांच्या जागी चिखल दिसतो.

ज्या मोबाइलवर किंवा कॅमेऱ्यावर फोटो काढला, त्यातली फाइल घ्या. ती व्हॉट्सॲपवरून डॉक्युमेंट म्हणून पाठवा, ड्राइव्हवर टाका, मेल करा, किंवा सरळ पेनड्राइव्हवर आणा. स्क्रीनशॉट नको. फेसबुकवरून उतरवलेली प्रत नको. लग्नाचा फोटो असेल तर फोटोग्राफरकडे अल्बमच्या पानाची नव्हे, त्या एका फोटोची मूळ फाइल मागा. अल्बमच्या पानावरचा फोटो छोटा केलेला असतो, वर त्यावर नक्षी आणि नावं असतात.

फाइल मिळाली की तिच्या माहितीत जाऊन रुंदी आणि उंची किती पिक्सेल आहे ते बघा. फाइल किती एमबीची आहे यावरून काही ठरवू नका.

जुना छापील फोटो असेल तर

अल्बमच्या चिकट पानावरून तो ओढून काढू नका. पानासकट स्कॅन होतो. काचेला चिकटलेला फोटो तर अजिबात सोडवू नका, कारण चेहऱ्याचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करा किंवा काचेवर चमक येणार नाही अशा बेताने कॅमेऱ्याने त्याचा फोटो घ्या.

४ बाय ६ इंचांचा फोटो ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात. ३०० वर केला तर त्याच्या निम्मे, म्हणजे १२०० बाय १८००, आणि त्यात मोठा कॅनव्हास होत नाही. स्कॅन टिफमध्ये (फोटोचा दर्जा कमी न करणाऱ्या फाइल-प्रकारात) जतन करा. स्कॅनरची "आपोआप सुधारा" ही सोय बंद ठेवा. जुन्या काळी खडबडीत जाळीच्या कागदावर फोटो छापत. असा कागद स्कॅनरवर ठेवला की जाळीचा प्रत्येक खळगा चकाकतो. त्याला खिडकीच्या मऊ उजेडात कॅमेऱ्याने टिपलेलं जास्त चांगलं. घरात निगेटिव्हची पाकिटं असतील तर आधी तीच शोधा. ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह २४०० डीपीआयवर स्कॅन केली तरी लांब बाजूला सुमारे ३४०० पिक्सेल मिळतात, आणि कागदावरचे ओरखडे त्यात नसतात.

टप्पा ४ : पिक्सेलचा हिशेब

साधा भागाकार आहे. फोटोच्या लांब बाजूचे पिक्सेल भागिले छपाईची लांबी इंचात. उत्तर १५० च्या आसपास आलं तर उत्तम. १०० ते १२० आलं तर भिंतीवरच्या, पाच-सहा फुटांवरून बघायच्या कॅनव्हासला चालतं. ८० च्या खाली आलं तर माप कमी करा.

कागदाला ३०० लागतात म्हणून कॅनव्हासलाही ३०० हवेत, असा आग्रह धरणारे भेटतात. त्याची गरज नाही. कापडाची वीण तितका बारीक तपशील धरतच नाही.

आपल्या मिरवणुकीच्या फोटोचा हिशेब करू. मोबाइलचा बारा मेगापिक्सेलचा फोटो ३००० बाय ४००० पिक्सेलचा असतो. आपल्याला २० बाय ३० इंचांचा कॅनव्हास हवा आहे. पण चित्र चौकटीच्या बाजूंवरही वळवायचं असल्याने प्रत्यक्षात ते २३ बाय ३३ इंच छापावं लागेल (का, ते पुढच्या टप्प्यात). ४००० भागिले ३३ म्हणजे इंचाला १२१ पिक्सेल. चालेल. हाच फोटो व्हॉट्सॲपवरून आला असता तर १६०० भागिले ३३, म्हणजे इंचाला ४८. तो मी छापून देत नाही.

सावधान: सॉफ्टवेअरमध्ये डीपीआयचा ७२ हा आकडा बदलून ३०० केला म्हणजे फोटो सुधारला असं नाही. एकूण पिक्सेल तेवढेच राहतात. एआयने फोटो मोठा करणारी ॲप्सही जपून वापरा. दुपटीपर्यंत ती बऱ्याचदा चांगलं काम करतात, पण चेहरा लहान असेल तर डोळे, दात आणि भुवया ती स्वतःच्या मनाने रचतात. मूळ आणि मोठी केलेली फाइल शेजारी ठेवून प्रत्येक चेहरा बघा. वडील वडिलांसारखे दिसत नसतील, तर ती फाइल कितीही स्पष्ट असली तरी नको.

टप्पा ५ : वळणाची कड

या टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. इथली चूक छपाईनंतर दुरुस्त होत नाही.

कॅनव्हास लाकडी चौकटीवर ताणतात तेव्हा कापड पुढून बाजूवर आणि बाजूवरून मागे वळतं. चौकट दीड इंच जाड असेल तर प्रत्येक बाजूचा दीड इंच चित्राचा भाग समोरून दिसेनासा होतो. त्याच्या पुढे मागच्या बाजूला पिना मारायला आणखी दीड इंच कोरं कापड लागतं. म्हणून २० बाय ३० च्या कॅनव्हासला चित्र २३ बाय ३३ आणि कापड २६ बाय ३६ इंच.

आता आपल्या फोटोतली काठी आठवा. ३३ इंचांपैकी वरचा दीड इंच, म्हणजे जवळपास १८० पिक्सेल, वरच्या जाडीवर जाणार. काठीचं टोक नेमकं तिथे आहे. समोरून बघणाऱ्याला काठी कडेवर मोडल्यासारखी दिसेल. नंदीध्वजाचं टोकच दिसत नसेल तर तो फोटो भिंतीवर लावावासा कुणालाही वाटणार नाही.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, कडेचं चित्र आरशासारखं उलटवून बाजूवर छापायचं, म्हणजे मूळ फोटो पूर्ण समोर राहतो. आकाश, पाणी, झाडी, गर्दी कडेला असेल तर हे छान जमतं. कडेला चेहरा किंवा अक्षरं असतील तर बाजूने बघताना अर्धं कपाळ दुप्पट झालेलं दिसतं, तिथे हे करू नका. दुसरा, बाजूंना एकच सपाट रंग द्यायचा, फोटोतलाच एखादा गडद रंग उचलून. पांढरी बाजू धुळीने लवकर मळते. तिसरा, पाऊण इंचाची पातळ चौकट घ्यायची आणि बाहेरून फ्रेमची पट्टी लावायची.

मिरवणुकीच्या फोटोला मी आरशाची कड घेतो. वर आकाश आहे आणि खाली रस्ता, त्यामुळे उलटवलेलं ओळखू येत नाही. अशा वेळी मूळ फोटो फक्त समोरच्या २० बाय ३० मध्ये बसवायचा असतो, म्हणून पिक्सेलही वाचतात. ४००० भागिले ३०, म्हणजे इंचाला १३३. पण उलटवलेल्या पट्टीत काठीचं टोक पुन्हा उमटू नये म्हणून वर थोडं आकाश असावं लागतं. आपल्या फोटोत बोटभर आकाश आहे, बाकीचं आकाश सॉफ्टवेअरमध्ये वाढवून घेतलं.

आकाराचंही बघा. मोबाइलचा फोटो चारास तीन असतो, बहुतेक मोठ्या कॅमेऱ्यांचा तीनास दोन. १८ बाय २४ हे माप चारास तीनमध्ये बसतं, तर १२ बाय १८, २० बाय ३० आणि २४ बाय ३६ ही मापं तीनास दोनमध्ये. मोबाइलचा उभा फोटो २० बाय ३० मध्ये बसवताना रुंदीतून सुमारे अकरा टक्के भाग कापला जातो. कडेला उभी असलेली मावशी त्या अकरा टक्क्यांत असेल तर माप बदला. फोटो ओढून-ताणून बसवू नका. त्याने चेहरे लांबट होतात आणि घरच्यांना ते लगेच कळतं.

तपासा: फाइलवर कडेपासून दीड इंच आत चारही बाजूंनी रेघ ओढा. त्या रेघेच्या आत डोकी, बोटं, पावलं, कळस, काठ्यांची टोकं हे सगळं आहे का? रेघेपासून आणखी अर्धा इंच मोकळा आहे का? कापड ताणताना दोन-तीन मिलिमीटर इकडे-तिकडे होतंच.

टप्पा ६ : उजेड आणि रंग

मोबाइलचा पडदा स्वतः प्रकाश देतो, कापड देत नाही. म्हणून पडद्यावर झगझगीत दिसणारा फोटो कापडावर हमखास काळपट येतो. फोटो सुधारताना पडद्याचा उजेड निम्म्यावर आणा आणि "रात्रीचा मोड" बंद करा. नाहीतर पिवळसर दिसणाऱ्या पडद्याला भुलून तुम्ही फोटो निळा करून ठेवाल.

आधी पांढरं बघा. बाराबंदीच्या चुण्या दिसत नसतील, नुसता पांढरा पट्टा असेल, तर तिथे मशीन शाईच टाकणार नाही, कोरं कापड दिसेल. प्रखर भाग हळूहळू खाली आणा, चुण्या उमटेपर्यंत. मूळ फाइलमध्येच त्या जळून गेल्या असतील तर परत येत नाहीत, तेव्हा दुसरा फोटो निवडा. मग काळं बघा. काळे केस, काळी शेरवानी, सावल्या थोड्या उघडा, कारण मॅट कॅनव्हासवर जवळजवळचे गडद रंग एकमेकांत मिसळतात.

रंगांमध्ये राणी कलर, मोरपंखी, गडद जांभळा आणि झळाळता भगवा हे अवघड आहेत. पडद्यावर दिसतात तितके ते शाईत उतरतच नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये त्या कॅनव्हासचं प्रोफाइल (त्या कापडावर रंग कसे उतरतात हे सांगणारी फाइल) लावून छपाईचा अंदाज बघता येतो. तो बघितल्याशिवाय साडीचे रंग वाढवू नका, कारण मर्यादेबाहेर वाढवलेला रंग कापडावर सपाट थापल्यासारखा येतो आणि काठाची नक्षी बुजते.

त्वचेच्या रंगाबद्दल मी आग्रही आहे. "साहेब, जरा गोरं करा" हे रोज ऐकतो, आणि रोज नाही म्हणतो. चेहरा फिका केला की गालावरची सावली जाते, नाकाची उंची जाते, आणि गव्हाळ माणूस गुलाबी मेणासारखा दिसायला लागतो. उजेड कमी पडला असेल तर उजेड वाढवा, वर्ण बदलू नका.

फाइल एसआरजीबीमध्येच, म्हणजे पडद्याच्या नेहमीच्या रंगपद्धतीत, ठेवा. स्वतःहून सीएमवायके (छपाईच्या चार शाईंची रंगपद्धत) करू नका, ते काम मशीनचं सॉफ्टवेअर जास्त चांगलं करतं. माप पक्कं झाल्यावर सगळ्यात शेवटी धार द्या (शार्पनिंग करा), कागदापेक्षा किंचित जास्त, आणि ती डोळे, केस, कापडाचे काठ यांना. गालांना आणि आकाशाला नको. टिफमध्ये किंवा पूर्ण दर्जाच्या जेपेगमध्ये एकदाच जतन करा.

टप्पा ७ : नमुना पट्टी

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

पूर्ण फोटो छोटा करून छापलेला नमुना फसवतो. नमुना म्हणजे मूळ मापातल्या फाइलमधून कापलेली, चार-पाच इंच रुंदीची पट्टी. तिच्यात एक चेहरा, सगळ्यात पांढरा भाग, सगळ्यात गडद भाग आणि सगळ्यात भडक रंग आलाच पाहिजे. ती त्याच कॅनव्हासवर, त्याच मशीनवर छापून घ्या. वाळल्यावर निम्म्या पट्टीला वार्निश लावायला सांगा, कारण वार्निशने काळा रंग खोल होतो आणि बाकीचे रंग चढतात. पट्टी घरी न्या, त्या भिंतीवर लावा. दुपारी बघा, आणि रात्री दिवे लावून परत बघा. पिवळ्या दिव्याखाली आणि पांढऱ्या ट्यूबखाली चेहरा वेगळा दिसतो.

आपल्या फोटोच्या पट्टीत बाराबंदीच्या बाहीवर निळसर झाक आली. पडद्यावर ती दिसलीच नव्हती. सावलीतल्या पांढऱ्या कापडावर आकाशाचा निळा उतरतो. तो थोडा कमी केला आणि दुसरी पट्टी काढली. दोन पट्ट्यांचा खर्च पूर्ण कॅनव्हास परत छापण्याच्या खर्चापुढे काहीच नाही.

टप्पा ८ : कापड, शाई आणि छपाई

दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. शाई कोणती, कापड कोणतं, आणि त्या कापडाचं प्रोफाइल तुमच्याकडे आहे का.

पिगमेंट शाई (रंगाचे बारीक कण असलेली) जास्त टिकते. डाय शाई (विरघळलेल्या रंगाची) झळाळते, पण उन्हात आणि ओलाव्यात लवकर हरते. फ्लेक्सच्या मशीनवरही कॅनव्हास छापतात. दुरून बघायच्या मोठ्या चित्राला ते चालतं, पण ठिपके जाड असतात आणि शाईचा वास काही दिवस राहतो. जवळून बघायच्या चेहऱ्याला ते नको.

कापड सुती, पॉलिकॉटन किंवा पॉलिस्टर असतं. सुती कापडाची वीण सुंदर दिसते, पण हवेतल्या ओलाव्याप्रमाणे त्याचा ताण बदलतो. पॉलिकॉटन मधला मार्ग आहे, आणि बहुतेक घरांसाठी मी तेच सुचवतो. वजन साधारण ३४० ते ४०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम). आपल्याकडे कापड बोटांत धरून ओळखणारी माणसं घरोघरी आहेत, तेव्हा दुकानात कोरा तुकडा मागून घ्या आणि उजेडासमोर धरा. वीण सारखी हवी, जाड गाठी नकोत, आणि वरचा पांढरा थर दुमडल्यावर तडकता कामा नये.

छपाई मशीनवर व्हायची असली तरी दोन गोष्टींवर लक्ष ठेवता येतं. पहिली, सुताचं तूस. कापडावर बसलेल्या तुसावर शाई पडते, आणि नंतर तूस उडालं की तिथे पांढरा ठिपका राहतो. सोलापुरात यंत्रमागांच्या भागात, पूर्वेकडच्या गल्ल्यांमध्ये, हवेतच तूस असतं. म्हणून छपाईच्या आधी रोलवरून मऊ ब्रश फिरवायलाच हवा. दुसरी, आडव्या रेषा. आकाशासारख्या सपाट भागात बारीक आडव्या रेषा दिसल्या तर शाईची छिद्रं तुंबली आहेत. ती साफ करून परत छापायला सांगा, वार्निशने त्या झाकल्या जात नाहीत.

टप्पा ९ : वाळवणं आणि वार्निश

हाताला कोरडं लागलं म्हणजे वाळलं असं नाही. पाण्याच्या पिगमेंट शाईची छपाई किमान २४ तास मोकळी, सपाट ठेवा. पावसाळ्यात ४८ तास.

सुरुवातीच्या वर्षात मी एका लग्नाच्या कॅनव्हासवर त्याच संध्याकाळी वार्निश मारलं. नवरदेवाच्या घरी पूजा होती आणि त्यांना घाई होती. दोन महिन्यांनी काळ्या शेरवानीवर दुधाळ धुरकट पट्टा उठला. आत अडकलेला ओलावा बाहेर यायला वाट नव्हती. तो कॅनव्हास मी स्वखर्चाने परत करून दिला. तेव्हापासून वाळवण्याचे तास कुणाच्याही घाईसाठी कमी केलेले नाहीत.

पाण्यावर आधारित ॲक्रिलिक वार्निश घ्या. डबा जोरात हलवू नका, बुडबुडे होतात. काडीने सावकाश ढवळा. फोमच्या रोलरने पहिला पातळ हात उभा, तो वाळल्यावर दुसरा पातळ हात आडवा. एकच जाड थर कधीच नको, तो ओघळतो आणि वळणावर तडकतो. बाजूंवर जाणाऱ्या भागालाही वार्निश लावा, म्हणूनच हे ताणायच्या आधी करायचं. सॉल्व्हंट शाईची (फ्लेक्सच्या मशीनवरची) छपाई असेल तर आधी कोपऱ्यावर लावून बघा, शाई सुटते का ते कळेल.

सावधान: आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. दुपारी वार्निश लावलं तर ते रोलरवरच सुकायला लागतं आणि कापडावर पट्टे राहतात. एप्रिल-मे मध्ये हे काम सकाळी नऊच्या आत उरका. पंखा बंद ठेवा, जमिनीवर आधी पाणी शिंपडून धूळ बसवा.

कॅनव्हास न ताणता परगावी पाठवायचा असेल तर जाड नळीवर, छापील बाजू बाहेर ठेवून, सैलसर गुंडाळा. छापील बाजू आत ठेवून घट्ट गुंडाळला तर थराला सुरकुत्या पडतात.

टप्पा १० : चौकट आणि ताणणं

लाकूड वाळलेलं हवं. ओल्या लाकडाची चौकट दोन महिन्यांत पिळते आणि कॅनव्हासचा एक कोपरा भिंतीपासून सुटतो. पट्टीची समोरची आतली कड उतरती तासलेली हवी. ती सपाट असेल तर काही महिन्यांनी कापडावर आतल्या कडेची रेघ उमटते. तीस इंचांहून लांब बाजू असेल तर मध्ये आडवी पट्टी घ्या.

तपासा: चौकट जोडल्यावर नुसत्या गुण्यावर (सुताराच्या काटकोनी पट्टीवर) विसंबू नका. समोरासमोरचे दोन्ही कोपरे फितीने तिरके मोजा. दोन्ही मापं सारखी आली तरच चौकट काटकोनात आहे.

कापड उलटं अंथरा, चौकट वर ठेवा, आणि विणीचा उभा धागा चौकटीच्या कडेला समांतर आहे का बघा. हा धागा तिरका गेला तर चित्रही तिरकं दिसतं, आणि नंतर कितीही ओढलं तरी सरळ होत नाही. मग लांब बाजूच्या मध्यावर एक पिन, समोरच्या बाजूच्या मध्यावर ताण देऊन दुसरी. मग आखूड बाजूंच्या मध्यावर एकेक. तिथून कोपऱ्यांकडे दोन-दोन इंचांवर, दर वेळी समोरासमोर. एका टोकापासून सुरू करून दुसऱ्या टोकाला गेलात तर कापड शेवटी गोळा होतं. हाताने ओढण्यापेक्षा रुंद तोंडाचा पक्कड वापरा, आणि ओढताना कडेवरचा शाईचा थर तडकत नाही ना हे बघा. थंडीत कापड ताठर असतं, तेव्हा आधी थोडा वेळ उन्हाच्या उबेत ठेवा.

कोपरे शेवटी. शेवटचे दोन-तीन इंच मोकळे सोडा आणि चादरीचा कोपरा गादीखाली दुमडतो तसे दुमडा. घडी वरच्या आणि खालच्या बाजूला यायला हवी. डाव्या-उजव्या बाजूला आली तर खोलीत शिरताना तीच नजरेत भरते. घडीतलं जास्तीचं कापड कापू नका, पुढेमागे परत ताणायचं झालं तर ते लागतं.

टप्पा ११ : भिंतीवर

चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर ठेवा. मोठ्या कॅनव्हासला दोन खिळे, एका खिळ्यावर तो कललेलाच राहतो. मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या किंवा फेल्टच्या छोट्या गोल टिकल्या चिकटवा, म्हणजे भिंत आणि कापडात हवा खेळते आणि ओल कापडाला लागत नाही.

दिवाळीच्या साफसफाईत ओलं फडकं आणि काच पुसायचा फवारा कॅनव्हासपासून लांब ठेवा. मऊ कोरडा ब्रश वरून खाली फिरवला की पुरे. मागची धूळही झटका.

पहिला पावसाळा गेला की कॅनव्हास खाली उतरवा आणि मधोमध बोटाने हलकं टिचकी मारून बघा. डफासारखा आवाज आला तर ताण ठीक आहे. थापटल्यासारखा मऊ आवाज आला किंवा कोपऱ्यात तिरक्या सुरकुत्या दिसल्या, तर मागे चौकटीच्या कोपऱ्यांत पाचरी असतात, त्या छोट्या हातोडीने एकेक मिलिमीटर आत ठोका. चारही कोपरे सारखे, एकाच कोपऱ्यावर जोर नको. चौकटीला पाचरीच नसतील तर कोपऱ्यांजवळच्या पिना काढून तेवढाच भाग परत ताणून घ्या.